एकोणीस किलो सातशे

३ मार्च, दुपारी, घोड्यावरच्या माणसाच्या पुतळ्यापाशी

ताई,

तुझं पाकीट मिळालं. तीन वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं आणि पहिल्यांदा काय वाटलं सांगू? शाळेची वही तपासून परत आली. अजून तसंच आहे, एकेक अक्षर पाठ ताठ करून खुर्चीत बसल्यासारखं. तू ‘कशी आहेस’ विचारलंस तेसुद्धा मला हजेरीसारखं वाटलं. हजर आहे. जाड झालेय थोडी. बूट फाटलेत.

फोन का केला नाहीस हे विचारत नाही, कारण नंबर मीच दिलेला नाही. आणि फोनवर तू मला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीस. पत्र बरं. पत्रात मध्येच तोडता येत नाही.

तर बाबांना सत्तर पूर्ण होणार, तू पुस्तिका काढणार, आणि मी ‘लहानपणच्या सहलींवर दोन पानं’ लिहायची. सोबत अकरा फोटो, कुठला कुठे काढलेला ते आठवून कळवायचं. बारावीला दोनदा बसलेल्या मुलीला एकदम लेखिका केलंस की तू! तीन वर्षांनी आठवण आली तीही काम निघालं म्हणून, पण जाऊ दे, आली हे काय कमी.

हल्ली माझं काय चाललंय ते आधी सांगते, नाहीतर तू तुझ्या परीने काहीतरी ठरवून बसशील. इथे शहर दाखवायच्या पायी फेऱ्या असतात. पुढे छत्री उंच धरून एक बाई चालते आणि माहिती सांगते. सगळे तिला छत्रीवालीच म्हणतात. सगळ्यात मागे मी. माझं काम मोजायचं. चोवीस निघाले की चोवीस पोचले पाहिजेत. कुणी आइस्क्रीमच्या गाडीपाशी रेंगाळला, कुणी बुटाची नाडी बांधत बसला, की त्याला हाकत आणायचं. जी जन्मभर मागे रेंगाळली तिच्या नशिबी हेच काम! शिवाय फोटो. ‘जरा आमचा काढता का?’ दिवसाला तीसेक तरी होतात. सगळे पुतळ्यापुढे उभे राहतात आणि सगळ्यांना वाटतं, हे आपल्यालाच सुचलं.

छत्रीवाली फेकते खूप. परवा एका आजोबांनी विचारलं, पुलावर सिंह किती? म्हणाली, सोळा. मी मोजलेत, चौदा आहेत. नंतर तिला म्हटलं तर म्हणते, “तू मागची ना? मग मागेच राहा.” मला आवडते ती.

हां, सहली. भरकटले.

मला काय आठवतं माहितीये? राखाडी गाडी. मागच्या सीटचं फाटलेलं कव्हर, त्यातला पिवळा स्पंज मी दर रविवारी थोडा थोडा उपटायची. आईचा डबा, तुझं खिडकीबाहेर बघत शिष्टासारखं गप्प बसणं. आणि आपण कधीच कुठल्या नावाजलेल्या ठिकाणी गेलो नाही. वर्गातल्या पोरी तलाव, प्राणिसंग्रहालय, किल्ला सांगायच्या. मी सांगायची, आम्ही वीटभट्टीच्या मागे गेलो होतो. सगळ्या हसायच्या. बाबांना सांगितलं तर म्हणाले, “गर्दीत काय बघायचं? माणसं बघायला शिक.” मला ते इतकं भारी वाटलं होतं! आजही वाटतं. इथे लोक हजारो मैल उडत येऊन घोड्याचे खूर बघतात, आणि मी मागून त्यांना बघते. हे बाबांचंच.

कुठल्या तरी वस्तीच्या कडेला गाडी थांबायची. आई गाडीतच बसायची, गुडघे दुखतात म्हणून. दार उघडं टाकून विणत बसायची. आपण चटई टाकायचो. मग बाबा मला म्हणायचे, “भिंगरे, त्या घरातून पाणी मागून आण बरं.” घरं माझी होती जणू! मी शिरायची, बोलायची, कुणी बिस्किट द्यायचं, कुणी मांजराचं पिल्लू दाखवायचं. परत जाताना गाडीत ‘काय पाहिलं’चा खेळ. आठवतो? जे पाहिलं तेच सांगायचं. ‘मला वाटलं’ म्हटलं की गुण गेला. माणूस काय करत होता, कुठल्या हाताने, किती पायऱ्या चढला. जास्त गुण मिळाले की मागून उठून पुढच्या सीटवर. तू कधी खेळलीच नाहीस, म्हणून पुढची सीट कायम माझी.

आणि बाबांचे फोटो! तुझी मान कापलेली, माझे डोळे मिटलेले, कोपऱ्यात अर्धी चटई. आई म्हणायची, यांना लग्नात कॅमेरा दिला नाही ते बरं झालं, माझ्याऐवजी मांडवाचा खांब आला असता.

सगळ्यात मला आठवतात ते लिंबूवाले काका. मी सहा वर्षांची असेन. ते पायरीवर बसून सायकलची साखळी बसवत होते. मी पाणी मागितलं.

“पाणी देतो, पण फुकट नाही. त्या झाडावरचं पिकलेलं लिंबू कुठलं ते सांग.”

“ते! सगळ्यात वरचं!”

“तिथवर माझा हात पुरत नाही गं.”

“मग मला उचला ना. खांद्यावर घ्या.”

“तुला? तू तर सिमेंटच्या पोत्याएवढी आहेस!”

घेतलं त्यांनी. वरून मला त्या घराचं छप्पर दिसलं, छपरावर कुणाची तरी एक चप्पल पडलेली होती. मी लिंबू तोडलं. बाबा फाटकापाशी उभे राहून फोटो काढत होते. पाणी मी आत जाऊन माझं मीच घेतलं. त्या दिवशी मला दहा गुण मिळाले, आजवरचे सर्वांत जास्त. दुसऱ्या दिवशी बाबांनी मला औषधांच्या दुकानातल्या काट्यावर उभं केलं आणि वजन कागदावर लिहून घेतलं. मला वाटलं, मी एका दिवसात मोठी झाले म्हणून मोजतायत.

तो फोटो माझ्या पाकिटात आहे. चार देश झाले, पासपोर्ट एकदा हरवला, फोटो नाही हरवला. तुझ्या अकरांत त्याचीच दुसरी प्रत निघाली. बाकीचे दहा अजून नीट बघितले नाहीत. सुट्टी मिळाली की बघते आणि लिहिते तुझी दोन पानं. चल, छत्री उंच झाली.

भिंगरी


१९ मार्च, कपडे धुवायच्या दुकानात, यंत्र फिरतंय तोवर

ताई,

एक विचारायचंय, आणि सरळ उत्तर दे. पण आधी काय झालं ते क्रमाने सांगते, नाहीतर मी पुन्हा छत्रीवालीकडे वळेन.

परवा एका गृहस्थाने बायकोचा आणि मुलांचा फोटो काढायला मला फोन दिला. मी काढला. दहा पावलं पुढे गेल्यावर तो परत आला, तांबडा लाल. “हे काय काढलंत? घोडा बघा कसा लख्ख आहे, नाल मोजता येतात! आणि माझी बायको? धुकं! तुम्ही फोटो कुणाचा काढत होता?” चूक माझी होती. पडद्यावर बोट मागच्या घोड्यावर टेकलं असणार. मी सॉरी म्हटलं, दुसरा काढून दिला. बायको हसत होती, म्हणाली, “राहू द्या हो, घोडा माझ्यापेक्षा बरा दिसतोय.”

पण तो प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. फोटो कुणाचा काढत होता?

काल सुट्टी होती. खिडकीपाशी टेबल ओढलं आणि तू पाठवलेले फोटो मांडले.

ताई, आपण सगळ्यांत धुकं आहोत.

मी एकेक डोळ्याजवळ धरून पाहिला. चटईवर तू आणि मी, पुसट. मागे, लांब, एक माणूस शिडीवर चढून पत्रा ठोकतोय, त्याच्या शर्टाची बटणं मोजता येतात. शिडीच्या पायथ्याशी भिंतीला काय टेकवून ठेवलंय? कुबडी. कुबडी भिंतीला आणि माणूस शिडीवर. दुसऱ्या फोटोत तुझी मान कापलीय ती का, तर मागची बाई पूर्ण यावी म्हणून. ती दोन्ही हात वर करून ओल्या चादरी वाळत घालतेय आणि दाराच्या कडीला गळ्यात घालायचा तो पांढरा पट्टा लटकतोय. एक माणूस कपाट पाठीवर घेऊन जिना चढतोय. एक नुसता धावतोय, बसमागे. प्रत्येक फोटोत एक परका माणूस, आणि प्रत्येक वेळी तोच लख्ख.

बाबांना फोटो काढता येत नव्हता, असं आपण म्हणायचो. आई हसायची. ताई, बाबांना उत्तम फोटो काढता येत होता.

अकरा फोटोंपैकी एकात मी अगदी स्पष्ट आहे. केसातली पिन दिसते, पुढचा पडलेला दात दिसतो. तोच, माझ्या पाकिटातला. इतकी वर्षं मला वाटायचं, हा एवढा छान आला कारण त्यात मी आहे. मी स्पष्ट आहे कारण मी त्यांच्या खांद्यावर आहे. काकांचा शर्ट वर ओढला गेलाय आणि खाली कमरेला रुंद पट्टा दिसतो. दुखण्यातला पट्टा. मला पट्टा आठवत नव्हता. पाकिटात होता, पण मी त्याच्याकडे कधी बघितलंच नव्हतं. मी फक्त मला बघत होते.

आणि मागच्या बाजूला पेन्सिलने आकडे. क ११४. क ९०. मला वाटायचं अल्बमचे आहेत. आपल्याकडे एवढे अल्बम कधी होते?

शाळेत मी सांगायची, बाबा विमा कंपनीत आहेत, कागद तपासतात. अजूनही कुणी विचारलं तर तेच सांगते. आता मला काय वाटतंय ते लिहिते. ही माणसं पडली होती, आपटली होती, कुठे कामावर मोडली होती, आणि कंपनीकडे भरपाई मागत होती; फोटोंमागचे आकडे त्यांच्या अर्जांचे. त्यांचं दुखणं खरं की खोटं हे बघायला बाबा जायचे. आणि आपण सहलीला नाही, बाबांच्या कामाला जात होतो.

असंच ना?

तू माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी. तू गाडीत खिडकीबाहेर बघत बसायचीस. तू खेळायची नाहीस. मला वाटायचं तू शिष्ट आहेस. ताई, तुला माहीत होतं?

यंत्र थांबलं. एक बाई माझ्याकडे बघतेय, तिला तिचे कपडे टाकायचेत. उत्तर लवकर पाठव. ‘भेटल्यावर बोलू’ असलं उत्तर नको. आपण भेटत नाही.


११ एप्रिल, खोलीवर

ताई,

चार पानं. एकही खोडाखोड नाही. आधी कच्चं लिहून मग उतरवलंस ना? असणारच. उतरवण्यात तुझा हातखंडा होता, हे तूच त्यात लिहिलंयस.

मी तुझं पत्र जिन्यात वाचलं. घरमालकीण खालून वर आली, माझ्याकडे बघून म्हणाली, “घरी कुणी गेलं का?” मी म्हटलं, नाही, सगळे आहेत. ती म्हणाली, “मग चेहरा असा का?” तिला काय सांगू, की सगळे आहेत म्हणूनच.

तुझीच वाक्यं तुला परत लिहिते, म्हणजे ती तुझ्या अक्षराशिवाय कशी दिसतात ते कळेल.

‘एकटा पुरुष कॅमेरा घेऊन उभा राहिला तर लोक दार लावून घेतात. चटई, डबा आणि दोन मुली असल्या की कुणी मान वर करून बघत नाही.’ हे बाबांनी तुला समजावून सांगितलं तेव्हा तू बारा वर्षांची होतीस. चौदाव्या वर्षी त्यांचे अहवाल सुवाच्य अक्षरात उतरवायला लागलीस. मला वाटायचं तू बाबांच्या टेबलाशी बसून अभ्यास करतेस. मी दाराशी येऊन उभी राहायची आणि तू म्हणायचीस, “भिंगरे, जा, हलवू नकोस टेबल.” मी जायची. मला तुझा इतका हेवा वाटायचा, ताई.

‘आईला माहीत होतं. ती गाडीतून उतरायची नाही ते गुडघ्यांमुळे नव्हतं.’ हे तू पानाच्या अगदी खाली लिहिलंस, जागा उरली होती म्हणून लिहिल्यासारखं. रोज तीन मजले पिशव्या घेऊन चढणारी आई! गाडीत गुडघे दुखायचे तिचे, आणि मला सहाव्या वर्षी, सातव्या वर्षी, दहाव्या वर्षीही ते खरं वाटलं. तिने मला एकदा तरी गाडीतच धरून ठेवायचं होतं. आता कुणाला विचारू? सहा वर्षं झाली तिला जाऊन.

म्हणजे गाडीत चौघं होतो आणि सहलीला एकटी मी गेले होते.

आणि ते वाक्य. तुला वीस वर्षांनी अजून पाठ आहे म्हणतेस, कारण उतरवताना पेन अडकलं होतं. ‘दावेदाराने एकोणीस किलो सातशे ग्रॅम वजनाचे मूल विनासायास खांद्यावर घेतले व अंदाजे दोन मिनिटे धरून ठेवले.’

मूल. माझं नावसुद्धा नाही. औषधांच्या दुकानात काट्यावर उभं राहताना मी चपला काढल्या होत्या, बाबांनीच काढायला लावल्या. वजन बरोबर यावं म्हणून. किती काटेकोर!

तू विचारतेस, ‘तुला खरंच काही कळत नव्हतं का?’ तुझं पत्र वाचल्यावर मला एक आठवलं, आणि ते आठवल्यापासून मी दोन दिवस कामाला गेले नाही. त्या दिवशी सकाळी, निघायच्या आधी, बाबा माझी वेणी घालत होते. आई आजारी होती वाटतं, किंवा आजारी असल्यासारखी होती. बाबा म्हणाले, “आज कुणी चांगले काका भेटले तर म्हण, मला उचला. वरून छान दिसतं.” मला वाटलं होतं खांद्यावर बसायची कल्पना माझी होती.

काका गिलाव्याचं काम करायचे आणि परांचीवरून पडले होते, हे तूच लिहिलंस. दावा फेटाळला, हेही. पुढच्या वर्षी आपण त्याच रस्त्याने गेलो तेव्हा त्या घराला दुसरेच पडदे होते, हे मात्र मला आठवतंय. तेव्हा मी म्हटलं होतं, “बाबा, लिंबूवाल्या काकांकडे थांबू या ना!” आणि बाबा म्हणाले, “आज उशीर झालाय.”

मग तू त्यांची बाजू घेतेस. की पुष्कळ लोक खरोखर खोटे होते. की कुबडीवाल्याने तीन कंपन्यांकडून भरपाई उकळली होती. की बाबांनी कधी कुणाचा चहासुद्धा घेतला नाही. की ‘बाबांनी आयुष्यात एक खोटा शब्द लिहिला नाही’.

मानलं. खोटा नसेल लिहिला. आणि खरा गाळला त्याचं काय?

कारण मी गाडीत दोन्ही सांगितलं होतं. काकांनी मला खांद्यावर घेतलं हे, आणि खाली उतरवल्यावर ते भिंतीला धरून बसले हेसुद्धा. तोंड पांढरं पडलं होतं त्यांचं. ‘आत माठ आहे बाळा, घे तूच’ म्हणाले. म्हणून तर पाणी मी माझं घेतलं. हे सगळं मी बाबांना सांगितलं होतं. तुझ्या त्या सुवाच्य कागदात ‘विनासायास’ आहे. बसलेले काका कुठे आहेत?

तू म्हणशील, बाबा असं करणार नाहीत, त्यांचा नियम होता, जे पाहिलं ते सगळं लिहायचं. मग सांग, कुठे गेलं ते?

पुस्तिकेसाठी माझ्याकडून एक ओळ नको. माझं नाव नको. बाबांच्या सत्तरीच्या समारंभाला मी येणार नाही, तिकीट पाठवू नकोस. काकांचं नाव आठवत असेल तर तेवढं कळव.


२३ मे, पुलावर, सिंहांपैकी एकाच्या पायाशी बसून

ताई,

पुस्तिका आली. जाड कागद, निळं कव्हर, बाबा खुर्चीत. चौदावं पान: ‘माझ्या बाबांच्या सहली’. खाली माझं टोपणनाव, आणि कंसात ‘परदेशातून’.

आज मी चोवीस घेऊन निघाले आणि एकवीस पोचवले. छत्रीवाली पहिल्यांदा माझ्यावर ओरडली. मग माझ्याकडे बघून छत्री मिटली आणि म्हणाली, “जा, बस कुठेतरी. तीन मी शोधते.” म्हणून इथे बसलेय.

तू माझी पत्रं कापलीस.

‘आम्ही वीटभट्टीच्या मागे गेलो होतो, सगळ्या हसायच्या.’ छापलंस. ‘गर्दीत काय बघायचं? माणसं बघायला शिक.’ छापलंस, ठळक अक्षरात. ‘घरं माझी होती जणू!’ पिवळा स्पंजसुद्धा सोडला नाहीस. ते पहिल्या पत्रातलं, ठीक आहे, तेव्हा मी तुझ्यासाठीच लिहीत होते.

पण ‘अकरा फोटोंपैकी एकात मी अगदी स्पष्ट आहे. केसातली पिन दिसते, पुढचा पडलेला दात दिसतो’ हे? आणि तिथेच पूर्णविराम! पुढचं वाक्य कुठे गेलं? ‘मला तुझा इतका हेवा वाटायचा, ताई’ हे? ते ज्या परिच्छेदात होतं तो वाचताना तुझा हात जरा तरी थबकला का? आणि सगळ्यात शेवटी, समारोप म्हणून, ‘बाबांनी आयुष्यात एक खोटा शब्द लिहिला नाही.’ हे तर माझं वाक्यच नाही! तुझं आहे! मी तुझ्या तोंडावर परत फेकलं होतं ते. तू उचललंस, पुसलंस, आणि माझ्या नावाखाली लावलंस.

एकही शब्द खोटा नाही, हे मला मान्य करावं लागतं. सगळे शब्द माझ्याच पत्रांतले. बाबांची खरी मुलगी तू आहेस.

वर तुझी चिठ्ठी. ‘तुला राग येईल, पण मागाहून तूच म्हणशील की बरं झालं. बाबांनी सगळ्यांपुढे तुझं पान मोठ्याने वाचलं. दोनदा थांबले. सगळ्यांचे डोळे भरून आले. म्हातारा माणूस आहे, किती दिवस उरलेत? एवढं तुला द्यायला काय हरकत होती?’

हरकत! मला विचारलंस कुठे? काकांचं नाव विचारलं होतं मी, ते चिठ्ठीत नाही. आठवत नाही असंही लिहिलेलं नाहीस. म्हणजे आठवतंय. ‘एकोणीस किलो सातशे’ आठवतं आणि नाव आठवत नाही, असं होईल का तुझ्या बाबतीत?

आणि ताई, खरी चीड कशाची आहे सांगू? मी ते पान वाचलं, आणि मला आवडलं. कुणा अनोळखी मुलीचं असतं तर म्हटलं असतं, काय नशीबवान पोरगी आहे. दुसऱ्यांदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना मी शोधत होते की आता काका भिंतीपाशी बसतील. ते बसलेच नाहीत. लिंबू तोडलं, दहा गुण, संपलं. इतकं सफाईने संपतं ते, की क्षणभर मला वाटलं, हे असंच झालं होतं.

मग मी तुला अकरा एप्रिलला काय लिहिलं ते आठवलं. ‘मी गाडीत दोन्ही सांगितलं होतं.’ त्या वाक्यापाशी मी किती वेळ थांबले होते हे तुला कळायची सोय नव्हती, कारण तीनदा खोडल्यावर मी पानच बदललं. तुझ्यासारखंच. कच्चं फाडलं, पक्कं पाठवलं.

मी आता तुला लिहिणार नाही. तुला लिहिलेलं तुझ्याकडे राहतं आणि तुझ्याकडे कात्री आहे. तू चौदा वर्षांची होतीस, माहितीये. कुणी तुला पेन हातात दिलं होतं. पण आता चौतीस वर्षांची आहेस आणि या वेळी कुणी दिलं नव्हतं.

उद्या बाबांना लिहिते, थेट त्यांच्या नावावर. छापलेलं ते वाचतात, पण माझं अक्षर त्यांना लागत नाही, ते तुलाच वाचायला देतील. वाच. मोठ्याने वाच, त्यांनी पुस्तिकेतलं वाचलं तसं, आणि सगळं. एकच वाक्य असेल. कुठूनही कापलंस तर ते उभं राहणार नाही, असं लिहायचा प्रयत्न करते.


२४ मे, सकाळी

बाबा,

त्या माणसाने मला खांद्यावर घेतलं आणि उतरवल्यावर तो भिंतीला धरून खाली बसला, तो मी आत जाऊन पाणी पिऊन परत आले तरी उठला नव्हता, हे मी पाहिलं होतं आणि तुम्हाला सांगितलं नाही, कारण दहा गुण आधीच मिळाले होते, आणि दर रविवारी माझं सांगून झालं की आरशातून माझ्याकडे बघत तुम्ही ‘अजून काही?’ विचारायचा, ते त्या एकाच रविवारी तुम्ही विचारलं नाहीत.